बोअरची चावी

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी परवळीच्या मांडवाचा दगडी खांब आनंद गोरड्यांच्या पायावर पडला. डॉक्टरांनी नडगीत सळई घातली आणि पावसाळा लागेपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही असं बजावलं. ईस्टरला आनंद ओटल्यावरच्या खाटेवर पडून होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "प्रभूच्या पायात खिळा, माझ्या पायात सळई. तो तिसऱ्या दिवशी उठला, मला तिसरा महिना लागणार." लोक हसत, चहा पीत आणि निघताना विचारत, "पण परवळीचं कोण बघणार?"

प्रश्न वावगा नव्हता. बडोद्याच्या दक्षिणेला, विश्वामित्रीच्या कडेच्या त्या गावात परवळ लावणारे थोडेच, कारण त्या पिकाची नाटकं फार. नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. नुसत्या वाऱ्यावर सोडलं तर निम्मी फुलं वाळून गळतात. म्हणून पहाटे नराचं फूल खुडायचं आणि मादीच्या एकेका फुलाला हलक्या हाताने टेकवत मांडवाखालून वाकून फिरायचं. ऊन चढलं की फूल मिटलं, त्या दिवसाचं काम संपलं. आणि वैशाखात पाणी चुकलं तर लागलेलं फळही पिवळं पडतं.

फुलांचं काम सवली करायची. सवली राठवा छोटाउदेपूरकडची, गोरड्यांची भागिया. शेताच्या टोकाला छापऱ्यात राहायचं, वर्षभर राबायचं आणि पिकातला ठरलेला भाग घ्यायचा, असा भागियाचा रिवाज. नवरा सुरतेला बांधकामावर गेलेला, वाटलं तर दिवाळीला यायचा. वेल तिने लावले, तारेवर तिने चढवले, नदीच्या पुराचा गाळ घमेल्याने तिने उपसला. पण त्याच वेलांना पाणी सोडायला मोटरच्या खोलीचं दार उघडायचा अधिकार तिला नव्हता.

कारण बोअर दोन घरांचा. आनंदच्या वडिलांनी आणि शेजारच्या दत्ताजीरावांच्या वडिलांनी मिळून खोदलेला. दत्ताजीरावांचे पूर्वज सरकारी फौजेत होते, जमीन त्यांना इनामात मिळालेली. गोरड्यांचे आजोबा अहमदनगरहून मिशनच्या बागेत माळी म्हणून आलेले. पाण्यावरून दोन्ही बापांची एकदा मारामारी झाली, तेव्हापासून कायदा ठरला. लाइट आली की आधी दत्ताजीरावांचा वारो, म्हणजे पाण्याची पाळी. त्यांचं झालं की मोटर बंद करायची, खोलीला, म्हणजे ओरडीला, कुलूप घालायचं आणि चावी दुसऱ्या घरच्या माणसाच्या हातात द्यायची. त्याने परत कुलूप उघडून मोटर चालू करायची आणि पुढच्या लाइटला चावी परत द्यायची. चालती मोटर बंद करून पुन्हा चालू करण्यात काय शहाणपण, असं कोणी विचारलं नाही. दोन पिढ्या चावी हातातून हातात गेली आणि भांडण झालं नाही, एवढ्यावर दोन्ही घरं खूश होती.

आनंद पडल्यावर कमलाबाई चावीला जाऊ लागल्या. मुलगी मोहना बडोद्यात सुभानपुऱ्यात शाळेत शिकवायची, ती उजाडताच स्कूटरवरून निघून जाई. कमलाबाईंचे गुडघे गेलेले. घरापासून शेत लांब नव्हतं, पण बांधाची चढउतार होती. एका दुपारी परत येताना त्यांना भोवळ आली आणि त्या पाटात बसल्या. सवलीने पाणी पाजलं, पदराने वारा घातला आणि घरापर्यंत धरून आणलं. त्या दिवशी जेवताना कमलाबाई म्हणाल्या, "उद्यापासून चावी सवलीकडे."

आनंदचा घास हातातच राहिला. "मोटर जाळली तर?"

"तर जळेल."

"अगं, भागिया आहे ती. आज आहे, उद्या नाही. मोहनाला रजा घ्यायला सांग."

"का? सवलीला हात नाहीत?"

"हाताचा प्रश्न नाही. विश्वासाचा आहे."

झालं, कमलाबाईंना तेवढंच हवं होतं. "दर रविवारी सगळ्या मंडळीपुढे उभे राहून तुम्ही प्रार्थना करता, प्रभो, आमचा विश्वास वाढव. प्रभूवर विश्वास ठेवायला काय जातं हो? तो काही आपली मोटर जाळत नाही. ज्याच्या हातून आपलं काही जळू शकतं त्याच्यावर ठेवा की! त्याला जिगर लागते."

"तू मला धर्म शिकवू नकोस."

"मी नाही शिकवत. पाठ करून तुम्हीच घरी आणता, आणि दारात चपलांबरोबर काढून ठेवता."

आनंदने ताट सरकवलं. पडल्या माणसाला रागावून कुठे जाताही येत नाही, म्हणून ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

सकाळी सवली मांडवाखालून बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत वाळली पानं अडकली होती आणि बोटांना फुलांची भुकटी लागली होती. कमलाबाईंनी चावी पुढे केली. तिने हात मागे घेतला.

"ना काकी. ए मारं काम नही. कांई बगडलं तो मारे माथे येनार."

"येईल. माझ्याही माथ्यावर येईल. घे."

"काका काय बोलले?"

"काका उताणे पडलेत, त्यांना काय विचारायचं?"

सवली हसली नाही. पदराला हात पुसत तिने मान खाली घातली. "पण काकी, पैलेज सांगते. मी मारा देव नही सोडनार."

कमलाबाई बघतच राहिल्या. "तुला कोणी सांगितलं सोडायला?"

"गाममां बोलतात. ख्रिस्ती लोक मफतमां काय नही देत. आज चावी, उद्या चर्चमां बोलावशे."

इतकी वर्षं या बाईच्या हातचं पाणी प्यालो, हिच्या पोटदुखीला काढा दिला, हिच्या सासूच्या मातीला गेलो, आणि हिच्या मनात हे! कमलाबाईंना तिचा राग आला. मग राग तिच्यावरून उठून भलत्याच ठिकाणी गेला. गरिबाला काही द्यावं तर त्याने आधी पाठीमागचा सापळा शोधावा, अशी पाळी त्याच्यावर कोणी आणली? सगळ्यांनीच. चर्चच्या लोकांनीही काही कमी हातभार लावला नव्हता.

"ऐक," त्या म्हणाल्या. "तुझा देव, बाबा पिठोरो, तुझ्या भिंतीवर रंगवलाय तिथे राहू दे. माझा प्रभू माझ्याकडे आहे. ही चावी मोटरची आहे, दुसऱ्या कशाची नाही."

सवलीने चावी घेतली. कमलाबाईंनी तिला स्टार्टरचं हिरवं बटण, लाल बटण दाखवलं. डायलचा काटा कुठवर गेलेला चालतो ते दाखवलं. आणि पाइप खोकल्यासारखा आवाज करायला लागला, म्हणजे पाणी तळाला गेलं, मोटर हवा खाते, तेव्हा क्षणभर थांबायचं नाही, लाल बटण दाबायचं, हे तीनतीनदा सांगितलं.

पहिल्याच दिवशी सवली रिकाम्या हाताने ओटल्यापाशी आली. लाइट आल्यावर आपल्या वारोला नेलेली चावी दत्ताजीरावांनी तिला परत दिलीच नव्हती. "घरचं माणूस पाठव," म्हणाले आणि झाडाखाली जाऊन बसले.

कमलाबाई काठी घेऊन निघाल्या. ऊन असं की बांधावरची माती चपलेतून भाजत होती. दत्ताजीराव लिंबाखाली खाटेवर बसून तंबाखू मळत होते. माणूस वाईट नव्हता. आनंदचा पाय मोडला तेव्हा आपली गाडी काढून दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं. पण चांगल्या माणसाच्या हातून घडतो तो अपमान जास्त लागतो, कारण त्याला तो अपमान वाटतच नाही.

"वहिनी, उन्हात कशाला आलात? निरोप धाडायचा."

"निरोपच धाडला होता. तिला चावी का दिली नाही?"

"आपला रिवाज आहे ना. घरच्या माणसाच्या हातात."

"आमचा वारो बघायला आजपासून ती आमच्या घरची."

"घरची!" दत्ताजीराव हसले. "म्हणजे काय, बाटवली का काय? सांभाळून हं. हल्ली कायदो कडक छे. तुमच्यासाठीच सांगतो."

कमलाबाईंनी काठी आपटली. सवली मागे उभी होती, सगळं ऐकत होती. "माणसाला माणूस म्हटलं की बाटवलं होतं का?" त्या ओरडल्या. "तुमचा गडी तुमचा ट्रॅक्टर चालवतो, तो कोणत्या धर्मात गेला?"

दत्ताजीराव उठले. वादाला बाईमाणसाशी उभं राहायचं नाही, एवढं त्यांचं वळण होतं. त्यांनी खिशातून चावी काढली, सवलीकडे बघितलं आणि चावी तिच्या पायापाशी मातीत टाकली. "घे. पाण्याला उशीर नको."

सवली वाकली, चावी उचलली, फुंकर घालून माती उडवली आणि कुलूप उघडायला गेली. कमलाबाईंना बोलायचं होतं, पण पाणी सुटलं होतं, वेल तहानलेले होते, आणि त्या काठी टेकत घराकडे वळल्या. पुढे रोज तसंच होऊ लागलं. कधी चावी उंबऱ्यावर, कधी पंपाच्या हौदावर, बहुतेक वेळा मातीत. सवली रोज वाकायची.

रविवारी चर्चनंतर शांतवन मास्तरांनी कमलाबाईंना चिंचेखाली गाठलं. मास्तर चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी, निवृत्त शिक्षक. खडू सुटला तरी बोलताना बोट वर करायची सवय सुटली नव्हती.

"कमलाबाई, त्या राठवा बाईचं माझ्या कानावर आलं. भावना चांगली आहे, पण वेळ चांगली नाही. कोणी म्हणालं, आमिष दाखवताय, तर? एकट्या तुमच्यावर नाही, सगळ्या मंडळीवर येईल."

"मी तिला इथे आणलंय का? धर्माची पत्रिका वाटली? चावी दिली मोटरची!"

"लोकांना फरक कळत नाही."

"तुम्हाला कळतो ना? मग तुम्ही सांगा लोकांना."

मास्तर इकडे तिकडे बघू लागले. "थोडं दमानं घ्यावं. आणि दुसरं म्हणजे, ती काही शिकलेली नाही. उद्या नुकसान केलं तर? विश्वास पात्र बघून टाकावा."

"मास्तर," कमलाबाई म्हणाल्या, "ज्या शिष्याने कोंबडा आरवायच्या आत तीनदा सांगितलं, मी त्याला ओळखत नाही, त्याच्यावर प्रभूने पात्र बघून विश्वास टाकला होता का? स्वर्गाच्या चाव्या त्याच्याकडे. आणि तुम्ही मला एका ओरडीची चावी परत घ्यायला सांगता."

"तो दाखला इथे लागू नाही."

"तो कुठेच लागू नसतो. नुसता वाचायचा असतो."

आजूबाजूच्या बायकांनी माना वळवल्या. एकदोघी तोंडाला पदर लावून हसल्या, पण कमलाबाईंच्या बाजूने बोलायला एकही पुढे आली नाही. कमलाबाई तडक मोहनाच्या स्कूटरवर जाऊन बसल्या.

आणि मग मोटर जळली.

वैशाख निम्मा सरला होता, बोअरचं पाणी दिवसेंदिवस खाली जात होतं. त्या दिवशी पाइप लवकर खोकायला लागला. सवलीने ऐकलं. पण नदीकडच्या शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या, पानं माना टाकून लोंबत होती. मोटर बंद केली तर त्या ओळी कोरड्या राहणार आणि गाव म्हणणार, भागियाच्या हातात वारो दिला, बघा. दोन ओळींपुरतं, एवढंच, म्हणून ती पाटावर फावडं घेऊन उभी राहिली. पाणी ओळीत शिरलं. ओरडीतून स्टार्टर जळल्याचा वास आला, तेव्हा ती धावली. काटा आडवा पडला होता.

कोणी तिला पकडलं नाही. ती आपणहून ओटल्यापाशी आली, चावी कमलाबाईंच्या पायाशी ठेवली आणि म्हणाली, "में मोटर बाळी नाखी. पाइप बोलत होता, में ऐकलं, तरी बंद नही केली." मग छापऱ्यात जाऊन गाठोडं बांधायला लागली.

तासाभरात ओटला भरला. दत्ताजीराव आले, पाठोपाठ त्यांच्याकडून कळल्यामुळे शांतवन मास्तर आले, रस्त्याने जाणारे चौघे नुसते ऐकायला थांबले. दत्ताजीरावांची भेंडी ऐन तोडीत होती. त्यांचं चिडणं खोटं नव्हतं.

"मी सांगत होतो, वहिनी. सांगत होतो का नाही?"

"मीही सूचना दिली होती," मास्तरांनी बोट वर केलं.

"आता चावी मोहनाकडे द्या," दत्ताजीराव म्हणाले. "आणि त्या बाईला काढा. नाहीतर आमचा तुमचा बोअर वेगळा."

मोटर जळली होती, हे खरं होतं. सवलीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हेही खरं होतं. एवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"दत्ताजीराव, तुमच्या हातून किती वेळा जळली?"

सगळे आनंदकडे वळले. इतके दिवस भिंतीकडे तोंड केलेला माणूस कोपरावर उठून बसला होता.

"त्याचा काय संबंध?"

"मुलीच्या लग्नात नाचायला गेलात, मोटर चालू राहिली, ती एकदा. माझ्या हातून दोनदा. एकदा तर क्रिकेटची मॅच बघत होतो." आनंदचा आवाज चढत गेला. "कोणी आपल्याकडून चावी मागितली? मास्तर, तुम्ही आला होता सूचना द्यायला? आपण जाळली तेव्हा मोटर जळली. तिने जाळली तेव्हा तिची जात जळली, शिक्षण जळलं, आमचा धर्मसुद्धा जळायला लागला. आपण तरी आळसाने जाळली. ती आपल्या वेलांना पाणी पाजताना चुकली."

"आनंद, तू आजारी आहेस," दत्ताजीराव म्हणाले.

"पाय मोडलाय, डोकं नाही. आधी मोडला असता तर बरं झालं असतं. मोटर नव्या तारेने भरून आणू, निम्मं निम्मं, दर वेळेसारखं. चावी सवलीकडेच राहील. आणि कमल," ते बायकोकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी मी ताट सरकवलं, ते चुकलं."

कमलाबाई उठल्या, गुडघ्यांवर हात दाबत छापऱ्याकडे गेल्या. सवली गाठोड्यावर बसली होती. कमलाबाईंनी चावी पुढे धरली.

"काकी, फरी मोटर जळली तो?"

"तर फरी भरू. पण पाइप खोकला की बंद. ओळी मेल्या तर मरू दे."

सवलीने चावीकडे बघितलं. कमलाबाईंना वाटलं, रडेल. ती रडली नाही. तिच्या तोंडावर त्यांनी कधी न पाहिलेला राग होता.

"घेईन," ती म्हणाली. "पण आता मातीमांथी नही उचलनार. त्यांना कही देजो."

बोअरवर तिपायी घोडी उभी करून, चेनकप्पीने पाइप उपसून मोटर बाहेर काढली. बडोद्याच्या वाडी भागातल्या एका गल्लीत ती भरून घेतली. मोहनाला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, तिच्याबरोबर सवलीही गेली आणि कारागीर तांब्याची तार कशी गुंडाळतो ते दुकानाच्या पायरीवर बसून बघत राहिली. मोटर बोअरमध्ये पुन्हा उतरली तोवर परवळीची पानं कडेने करपली होती.

पहिल्या दिवशी दत्ताजीरावांचा वारो संपला. त्यांनी मोटर बंद केली, कुलूप घातलं आणि नेहमीसारखी चावी मातीत टाकली. सवली वाकली नाही. तिने तळहात पुढे केला आणि उभी राहिली.

"पडलीय तिथे, घे की," दत्ताजीराव म्हणाले.

तिने हात हलवला नाही. कमलाबाई बांधावर बसल्या होत्या. वेल डोळ्यांसमोर माना टाकत होते, लाइट वाया चालली होती. चार पावलं टाकून चावी आपण उचलावी, असं त्यांना अगदी ओठावर आलं. त्यांनी काठी जमिनीत रोवली आणि बसून राहिल्या. लाइट गेली. त्या दिवशी परवळीला पाणी मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. नदीकडच्या ओळींची कोवळी फळं गळाली. कमलाबाई बायबल घेऊन बसल्या, पण एक ओळ डोक्यात शिरली नाही. "प्रभो, एवढी ताणायची होती का?" असं त्या मोठ्याने म्हणाल्या आणि आनंदने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

तिसऱ्या दिवशी मोहनाने बापाला स्कूटरवर मागे बसवून आणलं. सळईचा पाय बाहेर ताठ काढून, दोन्ही हातांनी मुलीचे खांदे धरून आनंद शेतावर आले. लिंबाखाली मोहनाने त्यांना कुबड्यांवर उभं केलं. दत्ताजीरावांचा जीव भांड्यात पडला. चावी घेऊन ते लगबगीने पुढे आले.

"ये बाबा, आलास ते बरं केलंस. हे घे. सालं पीक वाळतंय तुझं, मला काय आनंद होतो का?"

"मला नको," आनंद म्हणाले. "माझा वारो ती बघते. तिला द्या."

"अरे, तुझं आहे शेत!"

"म्हणूनच सांगतो."

दत्ताजीराव चावी धरून मध्येच थांबले. एका बाजूला आनंद, कुबड्यांवर डोलणारा, हात न पसरणारा. दुसऱ्या बाजूला सवली, हात पसरून उभी. वेलांची पानं उन्हात कुरकुरत होती. दत्ताजीरावांनी मातीकडे बघितलं, पण दोन दिवसांत तिथे टाकलेलं काही कामाला आलं नव्हतं. मग ते दोन पावलं चालून गेले आणि चावी त्यांनी सवलीच्या तळहातावर ठेवली. बोट बोटाला लागू नये म्हणून धडपडले, तरी लागलं.

सवलीने मूठ मिटली. आभार मानले नाहीत, हसलीही नाही. कुलूप उघडून तिने मोटर चालू केली, काटा पाहिला, फावडं घेतलं आणि पाटावर आली. दत्ताजीराव तिथेच पाटात उभे होते, कुठे जावं हे त्यांना सुचत नव्हतं.

"काका, बाजूला व्हा," सवली म्हणाली. "पाणी येतंय."

दत्ताजीराव बाजूला झाले.